पंडिता रमाबाई आणि दुष्काळांतील लेंकरें

आपल्या शिरूर अनंतपाळच्या बाजूस संकट म्हणजे काय हें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. १९७२ सालचा दुष्काळ ज्यांनीं लहानपणीं पाहिला ते आज आजे झाले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप ज्यांनीं आईच्या कुशींत सोसला तीं लेंकरें आज स्वतः लेंकुरवाळीं झालीं आहेत. आणि २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, ही तर कालपरवांची गोष्ट. अशा प्रत्येक वेळीं मोठीं माणसें धान्य, पाणी, छप्पर व गुरें यांच्या काळजींत गढून जातात, आणि मुलास काय हवें आहे हें पाहावयास कोणास उसंत नसते. मूल भाकर मागतें हें खरें. परंतु भाकर खाऊन झाल्यावरही तें दाराकडे टक लावून कां बसतें, रात्रीं दचकून कां उठतें, हें ओळखण्यास ज्यानें कोवळ्या वयांत तेंच सोसलें असें माणूस लागतें. असें एक माणूस आपल्या महाराष्ट्रांत होऊन गेलें. पंडिता रमाबाई यांची विद्वत्ता सर्वांच्या ऐकण्यांत आहे. परंतु संकटांत सांपडलेल्या मुलांची व्यवस्था त्यांनीं कशी लाविली, हा त्यांच्या चरित्राचा भाग आपल्यासारख्या खेड्यांतील लोकांस विशेष उपयोगी आहे. म्हणून तोच येथें सांगतों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ नांवाच्या ठिकाणीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृतज्ञ होते. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये असा त्या काळचा दंडक असतांही त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती विद्या दिली; आणि त्या माउलीनें पहाटेच्या वेळीं मुलीस जागें करून तिच्याकडून पुराणांतील हजारों श्लोक तोंडपाठ करविले. रमाबाई सहा महिन्यांच्या असतां हें कुटुंब यात्रेस निघालें. तान्ह्या मुलीस वेताच्या पेटींत घालून हमालाच्या डोक्यावरून डोंगराखालीं उतरविलें. पुढें कित्येक वर्षें देवळांत पुराण सांगावें, लोक देतील त्यावर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्रास जावें, असा त्यांचा क्रम चालला. घरांत विद्या भरपूर होती. हातानें मिळवून खाण्याची कला मात्र कोणींच शिकलें नव्हतें.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेंत महागाई व दुष्काळ यांनीं या कुटुंबास गांठलें. शिल्लक संपली, दागिने गेले, शेवटीं भांडींही विकलीं. मजुरी करणें माहीत नव्हतें, आणि भीक मागण्यास जीभ उचलेना. अकरा दिवस तीं सर्व माणसें रानांत पाला, पाणी व मूठभर रानखजूर यांवर राहिलीं. वृद्ध व जवळजवळ अंध झालेले वडील प्रथम गेले. मग आई आजारी पडली. तिच्यासाठीं अन्न मागावयास तरुण रमा एका घरीं गेली, तों घरच्या बाईनें मायेनें विचारपूस केली. परंतु मुलीच्या तोंडून शब्द फुटेना, डोळ्यांतून मात्र पाणी वाहूं लागलें. त्या बाईनें दिलेली भरड भाकर घेऊन ती धांवत आली, पण आईच्यानें ती खाववली नाहीं. आई वारली तेव्हां प्रेतास खांदा देण्यास पुरेशीं माणसें मिळालीं नाहींत. रमा उंचीनें लहान, म्हणून तिला तो भार डोक्यावर घ्यावा लागला. कांहीं काळानें थोरली बहीणही गेली. उरलीं तीं दोघें भावंडें, श्रीनिवास व रमा.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. सोळा वर्षांच्या मुलीनें त्या दुष्काळांत तीन गोष्टी पाहिल्या. पहिली ही, कीं ज्याच्या हातांस काम येत नाहीं त्याची विद्याही त्याला उपासमारींतून सोडवीत नाहीं. दुसरी, भुकेलेलें माणूस नेहमीं मागतेंच असें नाहीं. लाज त्याचें तोंड बांधते. आणि तिसरी, जी सर्वांत खोल रुतली, कीं आईबाप गेल्यावर मुलास भुकेइतकेंच एकटेपण मारतें. पुढें वीस वर्षांनीं या तिन्ही गोष्टी हजारों मुलींच्या उपयोगीं पडल्या.

भावाबहिणीनें हजारों मैल पायीं प्रवास केला. उत्तरेस झेलम नदीच्या कांठीं थंडीनें जीव जाऊं लागला, तेव्हां त्यांनीं वाळूंत दोन खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेऊन रात्र काढिली. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंची विद्या पाहून त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली गृहस्थांशीं विवाह केला. १८८१ सालीं मनोरमा ही मुलगी झाली. आणि फेब्रुवारी १८८२ मध्यें पतीस पटकीनें ओढून नेलें. तेविसाव्या वर्षीं विधवा झालेली ही बाई तान्ह्या मुलीस घेऊन पुण्यास आली. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या आणि त्याच वर्षीं वांटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ सालीं डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभासाठीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथें त्यांनीं पुष्कळ व्याख्यानें दिलीं हें प्रसिद्ध आहे. त्याबरोबरच त्यांनीं फ्रोबेलची बालशिक्षणपद्धतिही लक्षपूर्वक अभ्यासिली. खेळ, गाणें, माती, कागद व रंग यांच्या द्वारें मुलाचें मन उलगडतें, ही गोष्ट त्यांनीं तेथून आणिली.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. तें बालविधवांसाठीं होतें. त्यानंतर पुण्यापासून सुमारे पंचावन्न किलोमीटरांवर, रेल्वेच्या मार्गावरील केडगांव येथें रमाबाईंनीं सुमारें शंभर एकर माळ घेतला. तेथें विहिरी खोदविल्या, फळझाडें लाविलीं, भाजीपाला केला. संस्था परक्यांच्या देणगीवर न राहतां आपल्या पायांवर उभी राहावी, एवढाच त्यांत हेतु होता. दुष्काळ येणार आहे हें कोणास ठाऊक नव्हतें. तथापि जेव्हां तो आला तेव्हां जमीन होती, पाणी होतें आणि शिकून तयार झालेल्या विधवा मुली होत्या. संकटाच्या दिवशीं जें उपयोगीं पडतें तें संकटापूर्वींच जमविलेलें असतें, याहून स्पष्ट उदाहरण शोधून सांपडणार नाहीं.

१८९६ सालीं पाऊस गेला आणि मध्यप्रांतांत हाहाकार उडाला. बातमी ऐकतांच रमाबाईंस आपला जुना दुष्काळ आठवला आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारनें दुष्काळी कामें व अन्नगृहें उघडलीं होतीं. तेथें घांस मिळे. परंतु आईबापांवांचून पडलेल्या मुलींस रात्रीं राखणारें कोणी नव्हतें. अशा गर्दींत दुष्ट माणसें येऊन पोरक्या मुलींस फूस लावून नेत आहेत, हें रमाबाईंनीं डोळ्यांनीं पाहिलें. अन्न पोहोंचलें म्हणजे मूल वांचलें असें नाहीं, हें त्यांस तेथें पुरतें कळून चुकलें. पैसा किती आहे याचा हिशेब करीत न बसतां त्यांनीं मुली आणण्यास आरंभ केला, आणि कांहीं महिन्यांत सुमारें तीनशें मुली व स्त्रिया त्यांच्या आश्रयास आल्या.

तोंच दुसरें संकट उभें राहिलें. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग भडकला आणि एका घरांत फार माणसें ठेवूं नयेत असा निर्बंध आला. रमाबाईंनीं मुलींस केडगांवच्या माळावर नेलें. इमारती नव्हत्या, तंबू व गवती झोपड्या यांत दिवस काढावे लागले. त्याच सुमारास त्यांच्या आश्रयांतील एका मुलीस प्लेगच्या सरकारी इस्पितळांत पाठवावें लागलें, आणि तेथें तिची जी दुर्दशा झाली तीवरून रमाबाईंनीं वर्तमानपत्रांत उघड तक्रार केली. रोग्याच्या अंगावर औषध घालतां घालतां त्याच्या अब्रूची राखण विसरणें हा गुन्हा आहे, ही त्यांची भूमिका होती. आणि ती मांडतांना राज्यकर्ते रागावतील याची त्यांनीं पर्वा केली नाहीं.

आतां या मुलींस त्यांनीं सांभाळलें कसें तें पाहूं. प्रथम देह. उपासानें सुकलेल्या मुलास पोटभर पंगत वाढणें म्हणजे त्याचा घात करणें होय, हें आज वैद्यकशास्त्र सांगतें. थोडें, पातळ व वारंवार हाच त्याचा मार्ग. अशा मुलांच्या अंगावर फोड, डोक्यांत उवा, डोळ्यांस रोग असतात. त्यांस धुणें, वेगळें ठेवणें, औषध लावणें हें दिवसरात्रीचें काम असतें. मुक्तींत आलेल्या कित्येक मुली इतक्या खंगलेल्या होत्या कीं सर्व उपाय करूनही त्या जगल्या नाहींत. हें लपविण्याचें कारण नाहीं.

मग मन. दुष्काळांतून आलेलें मूल पोट भरल्यावरही भाकरीचा तुकडा अंथरुणाखालीं लपवितें, दुसऱ्याच्या ताटांतलें ओढतें, भांडतें, खोटें बोलतें. न जाणणारा म्हणतो, हें मूल वाईट आहे. जाणणारा म्हणतो, हें मूल अजून भुकेच्या गांवींच आहे, त्यास परत आणिलें पाहिजे. रमाबाईंनीं या नव्या मुली पगारी नोकरांच्या स्वाधीन न करतां शारदा सदनांत वाढलेल्या मुलींच्या हातीं दिल्या. ज्या विधवा मुलींस समाजानें निरुपयोगी ठरविलें होतें त्याच आतां शिक्षिका व माया करणाऱ्या थोरल्या बहिणी झाल्या. प्रत्येक लहान मुलीस हांक मारण्यास एक ठराविक माणूस मिळालें. याचा गुण दोहींकडे आला. धाकटीस आधार मिळाला आणि थोरलीस आपण कोणाच्या तरी उपयोगीं आहों हें समाधान मिळालें.

तिसरी गोष्ट दिवसाची घडी. उठणें, न्हाणें, प्रार्थना, जेवण, शाळा, काम, खेळ, निजणें, सर्व ठरल्या वेळीं. ज्या मुलाचें जग एका हंगामांत कोसळलें त्याला उद्यां काय होणार हें आधीं ठाऊक असणें हेंच मोठें औषध असतें. लहानांस बालोद्यानाच्या पद्धतीनें शिकवीत. मोठ्यांस अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम, शिवण, स्वयंपाक, दुभत्या जनावरांची निगा, छापखान्यांतील खिळे जुळविणें अशीं कामें शिकवीत. यामागें रमाबाईंचें स्वतःचें तारुण्य उभें होतें. आपल्या घरीं विद्या असून हात रिकामे होते, म्हणून आईबाप गेले. या मुलींचें तसें होऊं नये, ही त्यांची तळमळ होती.

२४ सप्टेंबर १८९८ रोजीं केडगांव येथें मुक्ति सदनाचा पाया घातला गेला. वर्षभरांतच १८९९–१९०० चा महादुष्काळ आला. गुजराथ, काठेवाड व राजपुताना ओस पडूं लागले. आपल्या भागांत, जो तेव्हां निजामाच्या राज्यांत होता, तेथेंही त्याची झळ मोठी होती. या वेळीं रमाबाईंस एकटीनें धांवावें लागलें नाहीं. तीन वर्षांपूर्वीं तयार झालेल्या मदतनीस स्त्रिया गुजराथेंत गेल्या आणि मुली घेऊन आल्या. मुक्तींतील संख्या वाढत वाढत दोन हजारांच्या जवळ पोहोंचली. कांहीं लहान मुलगेही त्यांत होते. अंध मुलींसाठीं वेगळें घर झालें आणि बोटांनीं चांचपून वाचण्याची लिपि त्यांस शिकविली गेली. पहिल्या दुष्काळांत रमाबाई धडपडल्या. दुसऱ्यांत त्यांची व्यवस्था धांवली. दोन्हींत हाच भेद.

रमाबाईंच्या कामावर टीका झाली नाहीं असें नाहीं. मुक्तींतील मुली ख्रिस्ती शिक्षणांत वाढल्या, यावरून त्या काळीं दोष दिला गेला आणि आजही दिला जातो. आपण तो प्रश्न टाळूं नये. भुकेलेल्या मुलाची भूक कोणीही, कोणत्याही चांगल्या नांवाखालीं, आपल्या हेतूसाठीं वापरूं नये. मूल वांचविणें हेंच त्या घटकेचें पुरतें कार्य आहे. दुसरी गोष्ट अंतराची. त्या काळीं मुलींस शेंकडों मैल दूर आणण्यावांचून गत्यंतर नव्हतें, कारण जवळ ठेवण्यास जागाच नव्हती. परंतु आज आपण जाणतों कीं पोरकें म्हणून नोंदलेल्या मुलास पुष्कळदां मामा, आत्या, आजी असें कोणी तरी असतें, आणि आपलें गांव, आपली बोली व आपलीं भावंडें यांपासून तुटणें ही दुसरी जखम होय. म्हणून प्रथम नातलग शोधावे, भावंडांची ताटातूट करूं नये, आणि दूर नेणें हा शेवटचा उपाय समजावा.

१९१२ सालीं रमाबाईंनीं मनोरमेच्या साह्यानें गुलबर्ग्यास मुलींची शाळा उघडली, म्हणजे त्यांच्या कार्याचा हात निजामाच्या मुलुखापर्यंत पोहोंचला. शेवटचीं वर्षें त्यांनीं पवित्र शास्त्राच्या सोप्या मराठी भाषांतरांत घालविलीं. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा निवर्तली. हजारों मुलींस जिनें आई दिली तिच्या पोटची एकुलती मुलगी तिच्या आधीं गेली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आंत, ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाईही विसांवल्या.

या चरित्राचा आपल्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील, तर त्यानें किल्लारीकडे पाहावें. तो आपलाच जिल्हा. १९९३ च्या त्या पहाटे गणपति बोळवून दमून निजलेलीं खेडीं दगडमातीखालीं गाडलीं गेलीं. सुमारें दहा हजार माणसें मेलीं. मदत चहूंकडून आली. पोरक्या मुलांचा प्रश्न पुढें आला तेव्हां भारतीय जैन संघटनेनें सुमारें बाराशें मुलें पुण्यास नेऊन शिकविलीं, आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनीं नळदुर्गाजवळ आपलं घर या नांवाचें बालगृह उभें केलें. दोन्ही कामें मोलाचीं. परंतु तीं संकटानंतर उभारावीं लागलीं. संकटापूर्वीं आपल्या प्रत्येक गांवांत काय तयार असावें, हा प्रश्न अजून आपल्या दारांत उभा आहे.

त्यास पैसा थोडा लागतो, विचार अधिक लागतो. मृगापूर्वीं गांवांतील प्रत्येक लहान मुलाचें नांव, आईबापांचीं नांवें व परगांवच्या एका नातलगाचा फोन नंबर एका वहींत लिहून ती वही दोन घरांत ठेवावी. ज्या घरांत तान्हें, गरोदर बाई किंवा अपंग मूल आहे त्या घरीं प्रथम कोण धांवणार हें आधींच ठरवावें. प्रत्येक मुलास घराबाहेरचें एक ओळखीचें माणूस नेमून द्यावें, म्हणजे आई सांपडली नाहीं तर कोणाचा हात धरावा हें त्यास माहीत असेल. शाळेजवळ किंवा उंचवट्यावर एक जागा मुलांसाठीं राखावी. तेथें झांकलेलें पाणी, कोरडा खाऊ, साखर व मीठ असावें. जुलाब लागलेल्या मुलास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोंट घोंट पाजावें. तान्ह्यास आईचें दूध तोडूं नये. घाण पाण्यांत कालविलेली दुधाची भुकटी विषासमान होय. अनोळखी माणूस कितीही गोड बोलला तरी त्याच्या स्वाधीन मूल करूं नये. एकटें सांपडलेलें मूल चोवीस तासांच्या आंत बाल कल्याण समितीपुढें न्यावें असा कायदा आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर प्रत्येक मुलास पाठ असावा.

आणि मनाचें विसरूं नये. शाळा लवकर भरवावी, मग ती झाडाखालीं कां असेना. मुलांस खेळूं द्यावें. शोकाच्या घरीं मूल खेळतें म्हणून त्यास रागावूं नये, कारण तो त्याच्या दुःखाचाच मार्ग आहे. तें बोलेल तेव्हां ऐकावें. बोलत नसेल तर उकरून काढूं नये, नुसतें जवळ बसावें. मेलेल्यांविषयीं त्यास खोटें सांगूं नये. जें मूल पुन्हां अंथरूण ओलें करतें किंवा आईचा पदर सोडीत नाहीं, त्यास हंसूं नये. आणि ज्याच्या मनाची घडी कित्येक आठवडे बसत नाहीं त्यास वैद्याकडे न्यावें.

आपल्या प्रभूनें रानांत लोकसमुदायास जेवूं घातलें, तेव्हां भाकरी मोडण्यापूर्वीं त्यांस गवतावर पंक्तिपंक्तीनें बसविलें. दयेलाही व्यवस्था लागते. रमाबाईंनीं ही गोष्ट आपल्या आईच्या चितेपाशीं शिकली आणि केडगांवच्या माळावर आचरून दाखविली. आपल्यास तितकी मोठी किंमत देऊन ती शिकण्याची गरज नाहीं. येत्या सभेनंतर चार जाणत्या बायका व चार पुरुष यांनीं मागें थांबावें, वही उघडावी आणि पहिल्या मुलाचें नांव लिहावें.